मैदानाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

खेळताना चेंडू लागून एखाद्याचा जीव गेला, की वृत्तपत्रांत येणारी बातमी बहुधा एकाच वाक्याने संपते: ‘पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे.’ या वाक्यात चूक काही नाही आणि पोलिसांनी याहून वेगळे काही लिहावे अशी माझी अपेक्षाही नाही. मात्र वीसेक वर्षे पुण्यातल्या आंतरशालेय आणि क्लबांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिल्यामुळे मला सतत वाटत आले आहे, की त्या वाक्याच्या पुढचे कुणी विचारतच नाही. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर जुन्या सामन्यांच्या हकिकती खुशाल कापाव्यात, मैदानांविषयीचा भाग तेवढा ठेवावा.

अलीकडच्या तीनच बातम्या आठवून पाहाव्यात. २०२४च्या जानेवारीत मुंबईत माटुंग्याच्या एका मैदानावर क्षेत्ररक्षण करत असलेल्या ५२ वर्षांच्या गृहस्थांना शेजारीच चाललेल्या दुसऱ्या सामन्यातला चेंडू कानामागे लागला आणि ते गेले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या लोहगावात सुट्टीत मित्रांबरोबर खेळणाऱ्या एका शाळकरी मुलाने टाकलेला चेंडू फलंदाजाने सरळ परत मारला, तो त्याच्या जांघेत बसला आणि पोरगा जागेवरच कोसळला. २०२५च्या ऑक्टोबरअखेर मेलबर्नमध्ये नेटमध्ये सराव करणारा १७ वर्षांचा मुलगा मानेला चेंडू लागून दगावला. डोक्यावर हेल्मेट होते, मानेचे संरक्षक नव्हते. त्याच दिवसांत नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला आणि भारत व ऑस्ट्रेलिया या दोन्ही संघांनी त्या मुलासाठी दंडाला काळ्या फिती बांधल्या. तिघांचीही नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना ती पुन्हा छापून आलेली पाहावी लागू नयेत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की यांतली एकही घटना मोठ्या स्टेडियमवर, डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर असताना घडलेली नाही. एक मैदान वाटून घेतल्यामुळे घडली, एक मित्रांमधल्या खेळात आणि एक सरावात. आपल्याकडची बहुतेक मुले याच तीन ठिकाणी क्रिकेट खेळतात.

क्रिकेटच्या जगाला या प्रश्नावर विचार करायला लावणारा मृत्यू म्हणून ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूजचे नाव घेतले जाते. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर शेफिल्ड शील्डच्या, म्हणजे तिथल्या राज्यांच्या स्पर्धेतल्या, सामन्यात तो दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून ६३ धावांवर खेळत होता. न्यू साउथ वेल्सच्या शॉन अ‍ॅबटचा आखूड टप्प्याचा चेंडू हूक करताना फटका लवकर गेला आणि चेंडू हेल्मेटच्या मागच्या कडेखाली, डाव्या कानाच्या खालच्या बाजूला मानेवर बसला. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी फाटली, मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, तो गेला. आणखी तीन दिवसांनी त्याला २६ वर्षे पूर्ण होणार होती. विसाव्या वर्षी दरबानमध्ये एकाच कसोटीत दोन शतके काढलेला हा मुलगा. सीझन बॉलचे कडक आवरण, ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा वेग आणि मानेवरची चार बोटे उघडी जागा यांची गाठ कधी काळी पडू शकते, हे त्या दिवसापर्यंत आम्हा पंचांपैकीही कुणाच्या डोक्यात आलेले नव्हते. हेल्मेट घातले म्हणजे डोके सुरक्षित, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

पुढे जे झाले ते आपल्या वाचकांना आठवत असेल. जगभर लोकांनी दाराबाहेर बॅट उभी करून तिच्यावर टोपी ठेवली; आमच्या जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या सोसायटीतही दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने ती तशी ठेवली होती आणि पेपर टाकणाऱ्याने न सांगता दोन दिवस पेपर तिच्यापासून लांब ठेवला. शारजात पाकिस्तान आणि न्यूझीलंड यांच्या कसोटीत एक दिवसाचा खेळ थांबवला आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर न्यूझीलंडच्या गोलंदाजांनी उसळते चेंडू टाकलेच नाहीत. भारताविरुद्धची पहिली कसोटी ब्रिस्बेनहून हलवून ९ डिसेंबरपासून अ‍ॅडलेडला खेळवली गेली. त्या कसोटीत मिचेल जॉन्सनचा विराट कोहलीला पडलेला पहिलाच चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला, तेव्हा एरवी फलंदाजाकडे ढुंकूनही न पाहणारे ऑस्ट्रेलियाचे क्षेत्ररक्षक चारी बाजूंनी धावत त्याच्याजवळ आले. कोहलीने त्या सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली, हे आपण सगळे तोंडपाठ सांगतो. मला आठवतात ती धावत आलेली माणसे.

खरा विषय मात्र याच्या पुढचा आहे. या मृत्यूची न्यू साउथ वेल्सच्या कॉरोनरने, म्हणजे आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१६मध्ये निष्कर्ष दिले. त्यांत कुणालाही दोषी ठरवलेले नाही. दोष गोलंदाजाचा नाही, पंचांचा नाही, कर्णधाराचा नाही; तो अपघातच होता. आपल्याकडे असते तर कागद इथेच बंद झाला असता. त्या कॉरोनरने मात्र दोष नाही असे म्हटल्यानंतरही पुढची पाने लिहिली. धोकादायक गोलंदाजीविषयीच्या नियमांची भाषा स्पष्ट करावी, मानेचे संरक्षक सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत, वैद्यकीय मदत कशी बोलवायची याचे पंचांना प्रशिक्षण द्यावे, अशा शिफारशी त्याने केल्या. सर्वांत बोलकी गोष्ट रुग्णवाहिकेची. त्या दिवशी रुग्णवाहिका बोलावण्यात मोलाची मिनिटे गेली होती. ती वाचली असती तरी ह्यूज वाचला नसता, असे तज्ज्ञांचे मत पडले. इजाच तशी होती. तरीही त्या मिनिटांचा हिशेब मांडला गेला, कारण पुढच्या खेपेला इजा वेगळी असेल आणि तेव्हा तीच मिनिटे कामाला येतील. दोष नसतानाही चौकशी करता येते आणि चौकशी केली म्हणून कुणावर बोट ठेवल्यासारखे होत नाही, हे मला त्या प्रकरणातून कळले.

बदल झाले, पण सावकाश. ब्रिटिश मानकाचे २०१३ सालचे हेल्मेट, ज्यात पुढची जाळी आणि टोपीची कड यांच्यामधून चेंडू शिरतो का हेही तपासतात, ते वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये रूढ झाले. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सामन्यांत ऑगस्ट २०१९पासून मिळाली आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसलेल्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन हा कसोटीतला असा पहिला बदली फलंदाज ठरला. त्या वेळी स्मिथच्या मानेला संरक्षक नव्हते, म्हणजे ह्यूज जाऊन जवळजवळ पाच वर्षे झाल्यावरही नव्हते. घुसमटल्यासारखे होते, छाती धडधडते, अशी त्याची तक्रार असे. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने ऑक्टोबर २०२३पासून जलद आणि मध्यमगती गोलंदाजीसमोर ते सक्तीचे केले, तेव्हा त्यालाही घालावे लागले. जिथे ह्यूज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडला, तिथे सक्ती व्हायला नऊ वर्षे लागली आणि सक्तीनंतरही क्लबच्या नेटमध्ये सराव करणाऱ्या मुलापर्यंत ती पोहोचलेली नव्हती, हे मेलबर्नने दाखवले. मग आपल्याकडच्या उन्हाळी शिबिरांची काय कथा!

आपल्या क्रिकेटलाही हे दुःख नवे नाही. १९६२च्या मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर जायबंदी झाला, कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याला रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, पॉली उम्रीगर आणि बापू नाडकर्णी होते आणि आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे होते. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पुन्हा प्रथम दर्जाचे सामनेही खेळला, पण कसोटी त्याच्या नशिबात आली नाही. बोर्डे यांच्याविषयी पुण्यात बोलताना धावा आणि बळी यांच्याआधी हे रक्त आठवावे, असे मला नेहमी वाटते. दुसरा प्रसंग भारताकडून खेळलेल्या रमण लांबाचा. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात क्लबच्या सामन्यात षटकाचे तीनच चेंडू उरले होते, म्हणून हेल्मेट न मागवता तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ, जाऊन उभा राहिला. मेहराब हुसेनचा फटका त्याच्या कपाळाला लागून उडाला आणि यष्टिरक्षकाने झेलला. फलंदाज बाद झाला आणि लांबा तीन दिवसांत गेला. तीन चेंडूंसाठी कोण हेल्मेट मागवते? आमच्या स्पर्धांतही कुणी मागवत नाही. सिली पॉइंटला उभ्या राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला मी किती वेळा तसाच उभा राहू दिला असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि ते मी अभिमानाने लिहीत नाही. इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालील मुलाला मधल्या यष्टीपासून ११ यार्डांच्या आत उभे राहू देत नाहीत, १५ वर्षांखालच्याला ८ यार्डांच्या आत नाही, आणि १८ वर्षांखालील फलंदाजाला सीझन बॉलसमोर हेल्मेटशिवाय खेळू देत नाहीत. यष्टीमागे अगदी जवळ उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकालाही तोच नियम आहे. हे नियम पाळायला पैसा लागत नाही. पंचाने हात वर करून मुलाला मागे सरकवायचे, एवढेच.

डोके आणि मान यांचे बोलणे तरी होते, छातीचे होतच नाही. १९५९च्या जानेवारीत कराचीत कायदे आझम करंडकाच्या अंतिम सामन्यात अब्दुल अझीझ या तरुण यष्टिरक्षक-फलंदाजाला एका ऑफस्पिनरचा चेंडू छातीवर लागला. तो पुढचा चेंडू खेळायला सरसावला आणि कोसळला. रुग्णालयात पोहोचण्याआधी गेला. ऑफस्पिनरचा चेंडू! वैद्यकशास्त्र आता सांगते, की हृदयाच्या ठोक्यातल्या एका अतिशय लहान क्षणी छातीवर नेमक्या जागी धक्का बसला, तर हृदय नुसते थरथरू लागते, रक्त पुढे ढकलत नाही. बरगडी मोडत नाही, जखम दिसत नाही, आणि हाडे अजून लवचीक असलेल्या मुलांना हा धोका मोठ्यांपेक्षा अधिक असतो. यावर उपाय एकच: लगेच छाती दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र जितक्या लवकर मिळेल तितक्या लवकर लावायचे. हे यंत्र आता विमानतळांवर भिंतीला टांगलेले दिसते, बोलून सूचना देते, डॉक्टरच हवा असे नाही. काहीच न करता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

जाणकार माणूस जागेवर असला म्हणजे काय होते, त्याचेही उदाहरण आहे. १९७५मध्ये ऑकलंडला न्यूझीलंडचा अकरावा फलंदाज इवन चॅटफिल्ड पीटर लिव्हरचा चेंडू कानशिलाला लागून पडला आणि त्याचे हृदय थांबले. इंग्लंड संघाचे फिजिओ बर्नार्ड थॉमस धावत आले, तोंडाने श्वास दिला, छाती दाबली आणि त्याला परत आणले. चॅटफिल्ड त्यानंतर अनेक वर्षे कसोटी खेळला. थॉमस यांचे नाव क्रिकेटच्या गप्पांत येत नाही, कारण त्यांच्या नावावर धावा नाहीत.

आता माझा स्वतःचा प्रसंग. बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातल्या एका मैदानावर शालेय सामन्यात मी गोलंदाजाच्या बाजूला उभा असताना एका मुलाने टाकलेला चेंडू फलंदाजाने सरळ मारला आणि तो गोलंदाजाच्या छातीवर आदळून माझ्या पायाशी आला. मुलगा गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. आम्ही मोठ्या माणसांनी काय केले? एकाने तोंडावर पाणी मारले, एकाने ‘दम कोंडलाय, हवा येऊ द्या’ म्हणून मुलांना मागे हटवले, एक शिक्षक कांदा कुठे मिळेल ते पाहायला रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीकडे धावले. नाडी कुणीच पाहिली नाही. गाडी आत आणावी म्हणून फाटकाकडे गेलो तर कुलूप. पहारेकरी चहाला गेलेला आणि किल्ली त्याच्या खिशात. शेवटी दोघांनी मुलाला उचलून छोट्या फाटकातून बाहेर काढले आणि रिक्षात घातले. रिक्षातच तो रडू लागला, आणि त्याच्या रडण्याने मला जेवढा आनंद झाला तेवढा क्वचितच कशाने झाला असेल. त्याचा खरोखरच दम कोंडला होता. पण दम कोंडणे आणि हृदय थांबणे यांतला फरक आमच्यापैकी एकालाही सांगता आला नसता, आणि त्या दिवशी दुसरे काही असते तर आम्ही कांदा घेऊन उभे राहिलो असतो.

त्या सामन्यातली आणखी एक गोष्ट मी विसरलेलो नाही. फटका मारणारा मुलगा पिंपळाखाली पॅड न सोडता बसून राहिला. डबा उघडला नाही, कुणाशी बोलला नाही. आम्ही सगळे पडलेल्या मुलामागे गेलो. त्याच्याजवळ कुणी थांबले नाही. पुढे मी शॉन अ‍ॅबटविषयी वाचले तेव्हा मला हाच मुलगा आठवला. अ‍ॅबट दोन आठवड्यांनी त्याच सिडनीच्या मैदानावर पुन्हा गोलंदाजीला उतरला आणि त्याने क्वीन्सलँडचे सहा बळी १४ धावांत घेतले. त्याच्याभोवती त्याचे सहकारी, समुपदेशक, खुद्द ह्यूजचे मित्र उभे होते. मेहराब हुसेनने लांबाच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९९९मध्ये, एकदिवसीय सामन्यांतले बांगलादेशचे पहिले शतक काढले; त्याच्या नावामागे आयुष्यभर दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या जातात. ही माणसे निदान जाणती होती. लोहगावसारख्या प्रसंगात ज्याच्या बॅटीवरून चेंडू गेला, ते मूलही शाळेतच जाणारे असते. त्याने नियमाप्रमाणे, शिकवल्याप्रमाणे, खरे तर उत्तम फटका मारलेला असतो. त्याला पोलीस ठाण्यात काय विचारतात, वर्गात मुले काय म्हणतात, रात्री त्याच्या उशाशी कोण बसते, याबद्दल मी कुठल्याही वृत्तपत्रात ओळ वाचलेली नाही. ‘तुझी चूक नाही’ हे त्याला एकदा सांगून भागत नाही. महिना-दोन महिने पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि ते आई-वडिलांइतकेच प्रशिक्षकाने आणि पंचानेही सांगायला हवे. मी त्या दिवशी ते केले नाही.

आता पुण्याच्या मैदानांविषयी. आपल्या शहराला क्रिकेटची परंपरा सांगावी लागत नाही. प्रा. देवधरांचे हे गाव, भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली नाबाद ४४३ धावा काढल्या त्या इथेच, आणि ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ धावा कमी पडल्या याची हळहळ पंचाहत्तर वर्षांनंतरही कट्ट्यावर ऐकू येते. त्याच कट्ट्यावर जवळच्या मैदानावर स्ट्रेचर कुठे ठेवले आहे असे विचारले, तर सगळे एकमेकांकडे पाहतात. गहुंजेच्या स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना असला की सगळी यंत्रणा असते. रविवारी सकाळी शहरातल्या एखाद्या मैदानावर गेलात तर तीन-चार सामने एकमेकांत मिसळलेले दिसतील. एका सामन्याचा डीप मिडविकेटचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीकडे पाठ करून उभा असतो, आणि माटुंग्यात घडले ते इथे अजून घडले नाही हे केवळ नशीब. एका बाजूला शिबिराच्या नेटची जाळी फाटलेली असते आणि फाटलेल्या जागी सुतळी बांधलेली असते. नेटमागे पालक फोनवर बोलत उभे असतात. शिबिराच्या सामाईक किटबॅगेतले हेल्मेट दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर गरगर फिरते, पट्टा तुटलेला असतो, आणि एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बदलायचे असते हे बहुतेकांना माहीत नसते. लांब दांड्याच्या चमच्यासारख्या साइडआर्मने चेंडू फेकून सराव देण्याची पद्धत आता आठव्या-नववीच्या मुलांपर्यंत आली आहे. त्या साधनाने सामान्य माणूसही अंगाबाहेरचा वेग काढतो, आणि गोलंदाजाच्या हातावरून, खांद्यावरून चेंडूचा अंदाज बांधण्याची फलंदाजाची सवय तिथे उपयोगी पडत नाही. मेलबर्नच्या मुलासमोरही तेच साधन होते. ते वापरू नये असे मी म्हणत नाही. मानेचे संरक्षक नसलेल्या मुलासमोर वापरू नये, इतके तरी ठरवता येईल.

महापालिका, शाळा, क्लब आणि शिबिरे चालवणारे प्रशिक्षक यांच्याकडे माझे मागणे फार नाही. मैदान भाड्याने किंवा परवानगीने देताना एका वेळी किती सामने होतील हे अर्जावरच लिहावे, आणि सीझन बॉलच्या सामन्यात दुसऱ्या सामन्याची सीमारेषा शिरू देऊ नये. मैदानावर खेळ चालू असेपर्यंत मोठे फाटक उघडे असावे, किंवा किल्ली पंचाकडे असावी. मैदानाचा पूर्ण पत्ता आणि कुठल्या रस्त्याने आत यायचे हे फाटकावर आणि पॅव्हेलियनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण १०८ला फोन लावणारा माणूस घाबरलेला असतो आणि ‘ते मोठे मैदान’ यापलीकडे त्याला काही सुचत नाही. प्रत्येक शिबिरात छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेली निदान दोन माणसे असावीत. हे शिकायला एक सकाळ पुरते आणि पुण्यात ते शिकवणाऱ्या डॉक्टरांची वाण नाही. झटका देणारे यंत्र महाग आहे हे मी मान्य करतो, पण स्पर्धेच्या करंडकांवर, फ्लेक्सवर आणि प्रमुख पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांवर होणारा खर्च पाहिला, तर चार क्लबांनी मिळून एक यंत्र घेणे अशक्य वाटत नाही. पालकांनीही शिबिराची फी भरताना बॅट कोणती घ्यायची हे विचारण्याआधी हेल्मेट कोणत्या मापाचे हे विचारावे.

माझे काही जुने सहकारी यावर म्हणतील, की आमच्या वेळी आम्ही टोपीवर खेळलो, चेंडू अंगावर घेतले, आणि इतकी काळजी घ्यायची तर मुलांनी कॅरम खेळावा. या म्हणण्याचा मला राग नाही. उसळत्या चेंडूला सामोरे जाणे हा क्रिकेटमधला मोठा आनंद आहे, तो काढून टाकावा असे ह्यूजच्या चौकशीतही कुणी म्हटले नाही. पण धोकादायक आखूड गोलंदाजीचा नियम नीट वाचला तर दिसेल, की फलंदाजाचे कौशल्य लक्षात घेऊन पंचाने निर्णय द्यायचा आहे आणि त्याने संरक्षक साधने घातली आहेत याचा विचार करायचा नाही. म्हणजे अकराव्या क्रमांकावर आलेल्या, बॅट कशीबशी धरणाऱ्या मुलावर सलग आखूड चेंडू पडत असतील, तर थांबवणे हे माझे काम होते. वीस वर्षांत मी तो अधिकार दोनदाच वापरला, आणि दोन्ही वेळा चहाच्या वेळी प्रशिक्षकांनी माझी थट्टा केली. तिसऱ्यांदा वापरायला मी कचरलो, हे खरे आहे. आमच्या वेळी लागले नाही म्हणणारे सगळे न लागलेले असतात. ज्याला लागले तो या गप्पांत बसायला येत नाही.

शेवटी एक विनंती खास आपल्याला, संपादक महोदय. अशी बातमी पुन्हा छापावी लागू नये, पण लागलीच तर आपल्या बातमीदाराला आणखी तीन-चार गोष्टी विचारायला सांगावे: चेंडू लागल्यापासून रुग्णवाहिका यायला किती वेळ गेला, जागेवर कुणाला प्रथमोपचार येत होते का, हेल्मेट होते का आणि कसे होते, फाटक उघडे होते का. कुणाचे नाव घालण्याची गरज नाही. चेंडू टाकणाऱ्या किंवा मारणाऱ्या मुलाचे नाव आणि छायाचित्र तर मुळीच छापू नये. त्याची शाळाही नको. आकस्मिक मृत्यूच्या नोंदीखाली एवढ्या चार ओळी आल्या, तरी दुसऱ्या दिवशी शहरातल्या दहा-वीस मैदानांवर कुणीतरी फाटकाकडे जाऊन पाहील.

मी ज्या मैदानाविषयी वर लिहिले तिथे मागच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन आलो. पहारेकरी नवा आहे, नम्र आहे. किल्ली एकच आहे आणि ती अजून त्याच्याच खिशात असते. तिची दुसरी प्रत करून घेण्यासाठी अर्ज कुणाकडे करायचा, हे त्यालाही माहीत नव्हते. तेवढे कळले तर अर्ज मी स्वतः नेऊन देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त पंच
सदाशिव पेठ, पुणे